पर्जन्यमापकाच्या नावाने एक लाइन

मास्तरांना इंटरनेटकडून फारसं काही नको होतं, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. खूप काही हवं असणाऱ्या माणसाची या जगात चटकन सोय होते. त्याला खुर्ची देतात, पाणी विचारतात. थोडंच हवं असणाऱ्याकडे मात्र लोक असं बघतात, जणू तो चपला बदलून न्यायलाच आला आहे.

मास्तरांची गरज होती दिवसाला चार सेकंदांची. रोज सकाळी साडेआठला मागच्या अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि नऊच्या आत तो हवामान कार्यालयाला कळवायचा. एक आकडा, मध्ये टिंब, पुढे आणखी एक आकडा. पाऊस नसला तर शून्य टिंब शून्य, आणि तोही तितक्याच गांभीर्याने. शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवत होते तेव्हापासूनचा हा नेम. एकोणीस वर्षं आणि पाच महिने तो चालला होता. अंगात ताप असताना चालला, लेकीच्या लग्नादिवशी चालला, दाढ काढली त्या दिवशी गालाला बोळा लावून चालला. हवामान कार्यालयाच्या तक्त्यात ज्या दिवशी आकडा येत नाही त्या दिवशी त्या चौकोनात एक आडवी रेघ पडते. सात हजार ब्याण्णव दिवसांत मास्तरांच्या रांगेत एकही रेघ नव्हती. कुणी काही कमावून ठेवतं, कुणी काही. मास्तरांनी न पडलेली रेघ कमावली होती.

हवामान कार्यालयाचा एक नियम होता. आकडा ज्या जागी पाऊस मोजला त्याच जागच्या तारेच्या लाइनवरून आला पाहिजे. मोबाइलवरून नाही, शेजाऱ्याकडून नाही. मागे एक निरीक्षक सहा महिने लेकाकडे राहून आपल्या गावचा पाऊस कळवत होता म्हणे, तेव्हापासून हा नियम. मास्तरांना तो पूर्ण मान्य होता. नियम मान्य असणारी माणसं फार दुर्मीळ, आणि त्रासही त्यांनाच होतो.

तर नऊ तारखेला कंपनीचं पत्र आलं. आपली जुनी लाइन एकतीस तारखेला कायमची बंद होत आहे. आपण ‘आनंद’, ‘महाआनंद’ किंवा ‘परमानंद’ यांपैकी एक संच निवडून नव्या युगात प्रवेश करावा.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं आणि बायकोला दाखवलं. बाईंची सकाळची पूजा आटोपत आली होती. त्यांनी चष्मा पुसून पत्र वाचलं.

"परमानंद दरमहा मिळतो होय?" त्या हळूच म्हणाल्या. "मी उगाचच इतकी वर्षं जप करत बसले."

"चेष्टा नको. बावीस दिवस आहेत."

"मग घ्या ना एखादा. साधा आनंद घ्या. आपल्याला पुरे."

मास्तरांना आनंदही नको होता. तारेतून आकडा गेला म्हणजे झालं. आणि ते काही इंटरनेटला बुजणारे म्हातारे नव्हते, हे इथे स्पष्ट केलेलं बरं. मोडेम किंचाळत किंचाळत जोडला जायचा त्या काळापासून ते हे वापरत आले होते. वेग म्हणजे काय, वायर कुठे कुरतडली जाते, कोणता दिवा लुकलुकला की काय समजायचं, सगळं त्यांना पाठ. म्हणूनच आपल्याला काय लागत नाही याची त्यांना पक्की खात्री होती. नवशिक्याला सगळंच लागेलसं वाटतं. सव्वीस वर्षं वापरलेल्या माणसाला कळतं की नळाला पाणी यावं, नळाने गाणं म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या कचेरीत गेले. काउंटरवरची मुलगी कानाला यंत्र लावून बसली होती आणि हसू तिच्या चेहऱ्यावर कायमचं बसवलेलं होतं.

"मला नुसती लाइन हवी," मास्तर म्हणाले.

"कोणत्या संचातली, सर?"

"संच नको. लाइन."

"नुसती लाइन नसते, सर. आनंदमध्ये तीनशे चॅनेल, सिनेमे, बोलणारा डबा, दारावरची कॅमेऱ्याची घंटी, मुलांचे खेळ, व्यायामाचे वर्ग..."

"मुलगी लग्न होऊन गेली. व्यायाम मी करतो. घंटीच्या जागी आमच्याकडे कडी आहे."

"सर, आम्ही लाइन विकत नाही. आम्ही अनुभव देतो."

"अनुभव माझ्याकडे आहे," मास्तर म्हणाले. "तार तेवढी द्या."

मुलीने संगणकात पाहिलं. त्यात ‘तार तेवढी’ असा रकाना नव्हता. शेवटी तिने गोड आवाजात सुचवलं की सात दिवस आनंद वापरून पाहा, नको वाटला तर परत करा. मास्तरांना हे न्यायाचं वाटलं. चौतीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं होतं की प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

डबा बारा तारखेला आला. टीव्हीशेजारी बसवल्याबरोबर तो म्हणाला, "हाय मित्रा, आज काय करायचं?"

मास्तर खोलीत शिरले की चौतीस वर्षं पन्नास-पन्नास मुलं उभी राहत आली होती. त्यांना आजवर कुणी मित्रा म्हटलं नव्हतं. त्यांच्या मित्रांनीसुद्धा नाही. डब्याने पुन्हा विचारलं. बाई आतून म्हणाल्या, "अहो, बोला त्याच्याशी, बिचारा केव्हाचा विचारतोय."

पण खरी गोम दुसऱ्या दिवशी कळली. साडेआठला मास्तर आकडा घेऊन आले, तर लाइन बंद. डब्यावर एक पांढरी रेघ गोल गोल फिरत होती. नऊला पाच मिनिटं उरेपर्यंत ती फिरली, मग नऊ वाजेपर्यंत तिने श्वास घेतला, आणि नऊ वाजून एक मिनिटाने डबा म्हणाला, "मी ताजातवाना झालो." जुनी लाइन अजून चालू होती म्हणून त्या दिवशीचा आकडा त्या वाटेने गेला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. आणि चौथ्या दिवशी बाईंनी डब्याला सहज विचारलं, काल पाऊस किती झाला रे, तर तो ठणठणीत आवाजात म्हणाला, "तुमच्या भागात दोन टिंब चार मिलिमीटर." तो मास्तरांनीच कळवलेला आकडा होता. ज्याच्या माहितीवर हा शहाणा जगत होता, त्याचीच वाट अडवून बसला होता.

शेजारी बँकवाले राहत. ते बँकेतून निवृत्त झाले होते, पण सल्ला देण्यातून नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी परमानंद घेतला होता आणि त्यांच्या घरातल्या भिंतीवर सतत कुणीतरी काहीतरी शिजवत असे.

"मास्तर, तुम्ही फार मनावर घेता," ते कुंपणावरून म्हणाले. "डब्याची वेळ बदलून घ्या."

"विचारलं. बदलत नाहीत. त्या वेळी सगळे कामावर निघालेले असतात, कुणाला लाइन लागत नाही, असं म्हणाले."

"मग तुम्ही पाऊस दहाला मोजा."

मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बँकवाले झाडाकडे बघून म्हणाले, "नाही, आपलं एक सुचवलं."

सात दिवस संपल्यावर मास्तर डबा पिशवीत घालून कचेरीत गेले. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की आनंद संपूर्ण परत केला तर जागाच सुटते. नव्या जोडणीची रांग दीड महिन्याची आहे. मात्र एकेक गोष्ट वेगळी नको म्हणता येते. प्रत्येक गोष्टीसाठी एक ‘नको-अर्ज’. एकूण चौदा. सगळ्या गोष्टी नको झाल्या की जी उरेल ती लाइन.

हे ऐकून मास्तरांचा चेहरा उजळला. उपनिषदातल्यासारखं एकेक नाकारत शेवटी सत्यापाशी पोचायची ही रीत त्यांना बायकोकडून ऐकून माहीत होती. कंपनीत कुणीतरी विचारी माणूस असावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी चौदा अर्ज घेतले आणि खिडकीपाशी बसून सुवाच्य अक्षरात भरले. चॅनेल नको. सिनेमे नकोत. खेळ नकोत. ‘कारण’ या रकान्यात त्यांनी चौदा वेळा लिहिलं, ‘गरज नाही.’

प्रत्येक अर्जामागे एक फोन आला. "सर, सिनेमे का नकोत? आमच्यात काही कमी पडलं का?" मास्तर प्रत्येकाला समजावून सांगत. व्यायामवाल्या बाईंनी तर त्यांच्या गुडघ्यांची इतक्या आपुलकीने चौकशी केली की त्यांना क्षणभर अपराधी वाटलं. सहा गोष्टी रीतसर गेल्या. सातवी होती दारावरची घंटी. ती रद्द होताच कंपनीच्या संगणकाने निष्कर्ष काढला की या पत्त्यावर आता दार नाही. दार नाही म्हणजे घर नाही. घर नाही म्हणजे ग्राहक नाही. तेवीस तारखेला मास्तरांना संदेश आला की आपला पत्ता अस्तित्वात नसल्याने आपलं खातं थांबवण्यात आलं आहे, आणि पडताळणीसाठी आमचा माणूस त्या पत्त्यावर येईल.

"कोणत्या पत्त्यावर?" बाईंनी विचारलं.

"नसलेल्या," मास्तर म्हणाले, आणि दारात खुर्ची टाकून बसले, दारासकट दिसावं म्हणून.

आला तो वायरमन. पन्नाशीचा, खांद्यावर वायरचं वेटोळं, बोलणं मोजकं. त्याने दार पाहिलं, कडी वाजवून पाहिली, कागदावर ‘दार आहे’ असं लिहिलं आणि मास्तरांची सही घेतली. बाईंनी चहा दिला. चहा पिता पिता त्याची नजर मागच्या अंगणात गेली.

"पाऊस मोजता?"

"एकोणीस वर्षं."

वायरमनने कप खाली ठेवला. तीस वर्षं तो खांबांवर चढत होता. जिवापाड एकच काम करणारा माणूस त्याला लगेच ओळखू आला. मास्तरांनी सगळी हकिगत सांगितली. मग त्यांना एकदम सुचलं.

"तुमच्या घरी कोणता संच आहे हो? महाआनंद?"

वायरमनने बाईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"साधी आहे," तो शेवटी म्हणाला. "डबा नाही, काही नाही. यंत्र-लाइन म्हणतात. वजनकाटे, सिग्नल, पाण्याच्या टाक्या, लिफ्ट, असल्यांना देतात. वेग बेताचा, पण कधी बंद पडत नाही. आमच्यातल्या सगळ्या जुन्या लोकांकडे तीच."

"मग ती मला का नाही दाखवली?"

"माणसांना देत नाहीत, सर. यंत्र पुढे काही विकत घेत नाही ना."

"पण तुमच्याकडे?"

"माझ्या घरात लिफ्ट आहे."

"तुमचं घर कितव्या मजल्यावर?"

"तळमजला. बैठं घर आहे," वायरमन म्हणाला. "कागदावर लिफ्ट आहे. मोठ्या साहेबांच्या घरात सिग्नल आहे."

मास्तरांनी खोटं कधी लिहिलं नव्हतं. शून्य टिंब एक पाऊस झाला तर त्यांनी कधी शून्य टिंब दोन लिहिला नाही, बघणारं कुणी नसतानाही नाही. लिफ्ट लिहिणं शक्य नव्हतं. पण अंगणात पितळेचा, कंबरेएवढ्या उंचीचा, शिक्क्यानिशी तपासलेला पर्जन्यमापक उभा होता. तो खरा होता. बाईंना ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "छत्री घेऊन जा," त्या म्हणाल्या. "कचेरीत वेळ लागेल."

यंत्राच्या अर्जात नाव, वजन, बनवल्याचं वर्ष आणि शिक्क्याचा क्रमांक होता. काउंटरवरच्या मुलीने सगळं टंकलं आणि एका रकान्यापाशी थांबली.

"सर, यात हलणारा भाग कोणता?"

"नाही. वर नरसाळं, आत बाटली."

"मग सिस्टिम याला वस्तू म्हणते. यंत्र व्हायला निदान एक हलणारा भाग लागतो. नाहीतर लोक कुंड्यांच्या नावाने लाइन घेतील."

मास्तर विचार करत उभे राहिले. मागे रांग वाढली होती. कुणी खाकरलं. एकोणतीस तारीख होती.

"मी," ते म्हणाले.

"काय मी, सर?"

"हलणारा भाग. रोज साडेआठला हलतो. मी हललो नाही तर यंत्र चालत नाही."

मुलीचं कायमचं हसू पहिल्यांदाच उतरलं आणि त्या जागी दुसरं, जरा कमी सुबक आणि जास्त खरं हसू आलं. तिने टंकलं: हलणारे भाग, एक. मग विचारलं, "भाग किती जुना?"

"एकाहत्तर वर्षं."

"याआधी कधी बंद पडला?"

"नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांची मान आपोआप ताठ झाली.

घरी आल्यावर त्यांनी पोचपावती टेबलावर ठेवली. ग्राहक, पर्जन्यमापक. त्याखाली बारीक अक्षरात, सुटा भाग, आणि त्यापुढे मास्तरांचं पूर्ण नाव, शैक्षणिक पदव्यांसकट. बाईंनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "एकेचाळीस वर्षं मी समजत होते आपण मालक आहात."

एकतीस तारखेचा आकडा जुन्या लाइनवरून गेला आणि ती लाइन बंद झाली. आता परतीचा रस्ता नव्हता. वायरमनने एक तारखेला सकाळी आठचा शब्द दिला होता. बाईंनी त्या दिवशी पूजा अर्धा तास आधी आटोपली, आणि देवापुढे जरा जास्त वेळ बसल्या, इतकंच. वायरमन आठला दहा कमी असतानाच आला. येताना त्याच्यासोबत बारीक पाऊसही आला.

"एक पंचाईत आहे, सर," तो वायर उलगडत म्हणाला. "नियम असा, की वायर यंत्रापाशीच संपली पाहिजे. फोटो काढून पाठवावा लागतो. घरात घेता येत नाही."

"तुमची घरात आहे ना?"

"माझी लिफ्ट नाहीच आहे. त्यामुळे तिच्यापाशी कुठेही संपते. तुमचं यंत्र खरंच आहे, तिथे माझा इलाज नाही."

खरं बोलण्याची ही शिक्षा मास्तरांनी मुकाट्याने स्वीकारली. साडेआठला त्यांनी पाणी मोजलं, वहीत आकडा लिहिला, बाटली रिकामी करून परत ठेवली. वायरमन बाहेर खांबावर चढला. आता लॅपटॉप अंगणात आणायचा होता, आणि पाऊस भुरभुरत होता. कुंपणापलीकडून बँकवाले मोठी छत्री घेऊन धावत आले. काही झालं तरी शेजारी होते.

"थांबा, छत्री इकडे आणू नका," मास्तर म्हणाले.

"का?"

"छत्रीचे थेंब मापकात उडतील. आणि वरचा पाऊस अडेल."

"अहो, पण आजचं मोजून झालं ना?"

"आजचं झालं. साडेआठनंतर पडतो तो उद्याचा पाऊस."

बँकवाल्यांनी वर आकाशाकडे पाहिलं, त्या उद्याच्या पावसाकडे, आणि छत्री मिटली. तेही भिजू लागले. बाईंनी आतून लेकीचं जुनं अभ्यासाचं टेबल ओढत आणलं. ते मापकाहून बुटकं होतं, त्यामुळे थेंब उडायची भीती नव्हती. त्याच्याखाली लॅपटॉप ठेवला. लॅपटॉप टेबलाखाली म्हणजे लॅपटॉप वापरणाराही टेबलाखाली, हे उघड होतं. मास्तरांनी कसलाही विचार न करता पँट गुडघ्यांपर्यंत वर केली, चिखलात एक हात टेकला आणि आत शिरले. शाळेत टेबलाखाली शिरणाऱ्या मुलाला ते वर्गाबाहेर काढत असत.

आठ चाळीस झाले. वायरच्या टोकाला वायरमनने लावलेल्या छोट्या पेटीवरचा दिवा तांबडा होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले.

"दादा, झालं का?" बाईंनी खांबाकडे बघून विचारलं.

"दोन मिनिटं," वरून आवाज आला.

आठ सत्तेचाळीस. बँकवाले वाकून म्हणाले, "मास्तर, एक दिवस रेघ पडली तर काय होतं? कुणाला कळणार आहे?"

बाई म्हणाल्या, "त्यांना कळेल," आणि त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की बँकवाल्यांनी छत्री कुंपणाला टेकवली. मग ते पदपथावर जाऊन खांबाखाली उभे राहिले आणि वायरमनला शिडी धरून देऊ लागले.

आठ त्रेपन्न. दिवा पिवळा झाला. आठ पंचावन्न. पिवळाच. मास्तरांच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पाठीवर टेबलाच्या कडेवरून पाण्याची धार लागली होती. त्यांनी पान उघडून, तारीख टाकून, आकडा लिहून ठेवला होता आणि एक बोट कळीवर धरलं होतं.

आठ छप्पनला दिवा हिरवा झाला. त्यांनी बोट दाबलं. चार सेकंद गेले. पडद्यावर आलं: नोंद मिळाली, आठ वाजून सत्तावन्न मिनिटं.

मास्तर टेबलाखालीच बसून राहिले. बाईंनी डोळे मिटून हात जोडले, मग उघडले. वायरमन खाली उतरला, त्याने यंत्राचा, वायरच्या टोकाचा आणि नियमाप्रमाणे सुट्या भागाचा फोटो काढला. बँकवाले अंगणात परतले. ते नखशिखान्त भिजले होते. टेबलाशेजारी उकिडवे बसत त्यांनी आत डोकावलं.

"गेला?"

"गेला."

"किती होता पाऊस?"

"शून्य टिंब आठ."

"म्हणजे एक मिलिमीटरसुद्धा नाही?"

"नाही."

"एवढ्याशासाठी हे सगळं?"

"जास्त पडला असता तर जास्त कळवलं असतं," मास्तर म्हणाले.

बँकवाल्यांनी चेहऱ्यावरचं पाणी निपटलं. टेबल, चिखल, वायर, मापक, सगळीकडे एकदा नजर फिरवली.

"आणि उद्या? उद्याही हे असंच?"

"रोज," मास्तर म्हणाले, आणि बाहेर येण्यासाठी त्यांनी बायकोकडे हात पुढे केला.